उलट्या बोधिसत्त्वाची किंमत

मामीच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी एक फोटो फिरत होता. मोरपंखी रंगाचं एक आण्याचं तिकीट, त्यावर बोधिसत्त्वाची मूर्ती आणि खाली मजकूर असा, की या तिकिटावर मूर्ती उलटी छापली गेली, चूक लक्षात आल्यावर सरकारने नवीन तिकीट काढलं, म्हणून जुनं अत्यंत दुर्मिळ, किंमत लाखांत. मामीने लगेच मला फोन केला. "अगं, मामांच्या ट्रंकेत हे आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मामा आयुष्यभर पत्रव्यवहार करणारे. आलेलं एकही पाकीट त्यांनी फेकलं नाही. नारायण पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे. मामा गेल्यावर ती ट्रंक कुणी उघडली नव्हती. मामीला पैशांची घाई नव्हती, पण मुलांमध्ये उगाच चर्चा सुरू झाली होती, आणि कुणीतरी शेजारच्या ओळखीने "सगळं मिळून वीस हजार देतो" म्हणून निरोपही पाठवला होता. तेव्हा आधी नेमकं काय आहे ते कळायला हवं, असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

त्या मेसेजमधला अर्धा भाग खरा आहे, हे मला पुढे कळलं. स्वातंत्र्यानंतरची पहिली नियमित मालिका १५ ऑगस्ट १९४९ ला निघाली. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत सोळा तिकिटं, त्यांवर कोणार्कचा घोडा, त्रिमूर्ती, नटराज, सांचीचं तोरण, विजापूरचा गोल घुमट, कुतुबमिनार अशी आपली जुनी शिल्पं आणि वास्तू. त्यात एक आण्याला बोधिसत्त्व. आणि या एका तिकिटावर चित्र खरोखरच आरशातल्यासारखं उलटं आलं, त्यामुळे मूर्तीचा डावा हात पुढे पसरलेला दिसतो. जुलै १९५० मध्ये चित्र सरळ करून तेच तिकीट पुन्हा काढलं, त्यात उजवा हात पुढे आहे. इथपर्यंत मेसेज बरोबर. चुकतो तो पुढच्या वाक्यात. कारण उलटं तिकीट जवळजवळ वर्षभर देशभरच्या पोस्टांतून विकलं गेलं. ती चूक काही कागदांपुरती नव्हती, त्या काळात छापलेलं प्रत्येक तिकीट तसंच होतं. सगळीच उलटी असतील तर उलटं असणं हे वेगळेपण कसलं?

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. आधी मी कॅम्पातल्या जीपीओत गेले, कारण तिकिटांचं म्हणजे पोस्टाला माहीत असणार, असं आपल्याला वाटतं. तिथे फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, खिडकीवर नवीन निघालेली तिकिटं, पहिल्या दिवसाची पाकिटं मिळतात, खातं उघडता येतं. जुन्या तिकिटांचं मोल ठरवणं हे पोस्टाचं काम नाही, ते तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. मग इंटरनेट पाहिलं. तिथे हेच तिकीट कुणी पाचशेला, कुणी पाच लाखांना लावलेलं. यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: विकणाऱ्याने लिहिलेला आकडा ही त्याची इच्छा असते. व्यवहार कितीला झाला ते वेगळं असतं, आणि ते लिलावांचे जाहीर निकाल किंवा विकून झालेल्या वस्तूंच्या याद्या पाहिल्यावरच कळतं. पाच लाखांचं ते बोधिसत्त्व महिनोन् महिने तसंच पडून होतं.

रविवारी जुन्या बाजारात गेले. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी कुलुपं, पितळी भांडी, रेडिओ, नटबोल्टांचे ढीग यांच्यामधून फिरत गेलं की नाणी-नोटा-तिकिटंवाले दोन-चार जण चादर पसरून बसलेले दिसतात. एकाकडे प्लॅस्टिकच्या डब्यात सुटी तिकिटं होती, कुठलंही घ्या, दहा रुपयांना एक. त्यात मी हात घातला आणि पाच मिनिटांत तीन बोधिसत्त्व निघाले. दोन डाव्या हाताचे, एक उजव्या हाताचा. मला वाटतं, सामान्य माणसाला करता येईल अशी ही सगळ्यांत सोपी परीक्षा आहे. तुमचं तिकीट दहा रुपयांच्या डब्यात सहज सापडत असेल, तर तिकिटांची आणि त्यांच्या किमतींची यादी असलेला कॅटलॉग उघडायचीही गरज नाही.

पण ट्रंकेत फक्त बोधिसत्त्व नव्हता. पाचवा जॉर्ज होता, सहावा जॉर्ज होता, ग्वाल्हेर संस्थानचा देवनागरी छाप मारलेली तिकिटं होती, गांधीजी होते. त्या सगळ्यांसाठी डबा पुरणार नव्हता. बाजारातल्याच एकाने एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता दिला. प्रभात रोडला राहतात, पन्नासेक वर्षं फक्त भारताची तिकिटं जमवतात, खरेदी-विक्री करत नाहीत. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. ज्याला तुमची वस्तू विकत घ्यायची आहे त्यालाच तिची किंमत विचारू नये.

सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाकिटांवरची काढली नाहीत ना अजून?" नव्हती काढली. "मग काढू नका. एकही नाही." आमच्या घरात मुलांनी पाण्यात बुडवून तिकिटं सोडवण्याचा बेत केला होता, तो मी त्याच संध्याकाळी फोन करून थांबवला.

मग त्यांनी टेबलावर काळी बशी, चपट्या टोकाचा चिमटा, दहापट भिंग आणि तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी मांडली. शिवाय लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलची बाटली. जॉर्जची दोन हिरवी अर्ध्या आण्याची सुटी तिकिटं माझ्यासमोर ठेवली. "फरक सांगा." मला दोन्ही एकसारखीच दिसली. त्यांनी एक तिकीट चिमट्याने उलटं करून काळ्या बशीत ठेवलं आणि पाठीवर पेट्रोलचा एक थेंब सोडला. कागद भिजला तसा करडा झाला आणि मधोमध एकच मोठा तारा उमटला, गडद, स्पष्ट. काही सेकंदांत पेट्रोल उडून गेलं आणि तारा नाहीसा झाला. दुसऱ्याच्या पाठीवर थेंब टाकला तर बारीक ताऱ्यांची नक्षीच दिसली, कडेपर्यंत. पहिलं लंडनला छापलेलं, दुसरं नाशिकला. १९२६ पासून आपली तिकिटं नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली आणि तेव्हा कागदातलं जलचिन्हही, म्हणजे ओल्यात दिसलेली ती ताऱ्यांची खूणही, बदललं. पुढून पाहून हे कळत नाही. ही दोन्ही तिकिटं सर्रास मिळतात, पण काही मूल्यांच्या बाबतीत एक छपाई सामान्य आणि दुसरी अवघड असते, म्हणून पाठ पाहिल्याशिवाय काही बोलायचं नाही, असा सरांचा शिरस्ता.

त्याच थेंबाने आणखी एक गोष्ट दिसते. कुणी अल्बममधून तिकीट ओढून काढलं असेल आणि पाठीचा कागद खरवडला गेला असेल, तर ती पातळ जागा ओल्यात गडद डागासारखी उठून येते. पुढून देखणं दिसणारं तिकीट तिथे निम्म्याहून खाली उतरतं. डागडुजी केलेली कड, चिकटवलेली फाट, सगळं त्या करड्या ओल्या कागदात उघड होतं. मात्र ही तपासणी सगळ्यांना लावायची नाही. काही प्रकारच्या छपाईची शाई पेट्रोलने पसरते. मी गांधीजींचं तिकीट पुढे सरकवल्यावर सरांनी बाटलीचं झाकण लावून ती बाजूला ठेवली.

त्यानंतर दाते. पट्टीवर तिकिटाची कड जुळवायची आणि दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते पाहायचं. चौदा, साडेअकरा असे आकडे कॅटलॉगमध्ये असतात त्यांचा अर्थ हा. एरवी हा रुक्ष भाग आहे, पण गांधीजींच्या तिकिटाला तो फार उपयोगी पडतो.

१५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती नाशिकला नव्हे, स्वित्झर्लंडला कूर्व्होझिए या छापखान्यात छापली गेली. त्यांवर 'बापू' हा शब्द नागरीत आणि उर्दूत आहे. खालची तीन मूल्यं लोकांनी रोज वापरली. दहा रुपये मात्र त्या काळी मोठी रक्कम होती, पत्राला लावायचं ते तिकीटच नव्हे, त्यामुळे ते कमी विकलं गेलं आणि आज चांगल्या स्थितीतल्या तिकिटाला खरोखर मागणी आहे. मागणी आहे म्हणून नकलाही आहेत, आणि भरपूर आहेत. सरांनी आपल्या संग्रहातलं अस्सल आणि बाजारातून मुद्दाम आणलेलं नकली, दोन्ही शेजारी ठेवून भिंग माझ्या हातात दिलं. अस्सल तिकिटावर गांधीजींच्या कपाळावरची छटा सलग, मऊ उतरत जाते. नकली तिकिटावर त्याच जागी रंगीत ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसतात तसे. दात्यांची पट्टी लावली तर अस्सल साडेअकरावर नेमकं बसलं, नकली बसेना. एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरायला होत नाही.

आमच्या ट्रंकेत दहा रुपयांचं नव्हतं. दीड आण्याची होती, ती पाकिटांवर, वापरलेली.

याच मालिकेवर 'सर्व्हिस' असा छाप मारलेली तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केली होती, फार थोडी. दहा रुपयांच्या अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-व्यापारी कंपनीने पाच लाख पौंडांना विकली. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'लाखांत किंमत' या मजकुराचं मूळ बहुधा अशा बातम्यांत असतं. पण 'सर्व्हिस' हा शब्द दिसला की दुर्मिळ असं नाही. सरकारी टपालासाठी राजाच्या तिकिटांवर तो छाप वर्षानुवर्षं मारला जायचा, आणि १९५० पासून तर सरकारी कामासाठी वेगळी तिकिटंच निघाली. मामांना सरकारी कचेऱ्यांतून आलेल्या पाकिटांवर ती ढिगाने होती.

मग चूक असलेलं तिकीट दुर्मिळ कधी? सरांनी १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाचं उदाहरण दिलं. कलकत्त्याला छापलेलं, दोन रंगांचं: तांबडी चौकट आणि निळं राणीचं डोकं. दोन रंग म्हणजे कागद दोनदा छापखान्यातून जायचा. त्यात एखादा कागद दुसऱ्या वेळी फिरून आत गेला आणि राणीचं डोकं उलटं झालं. अशी मोजकीच तिकिटं जगात माहीत आहेत आणि त्यांचा मान मोठा आहे. तिथे बाकीच्या हजारो कागदांवर डोकं सरळ आहे, या थोड्यांवर उलटं. बोधिसत्त्वाच्या बाबतीत मूळ चित्रातच उलटापालट होती. दोन्हींना लोक 'चूक' हा एकच शब्द वापरतात आणि सगळा गोंधळ तिथून होतो. मला हा फरक कळला तेव्हा मेसेजचा विषय माझ्यापुरता संपला.

अशाच नजरेने १९२१ चं 'नाइन पाइज' पाहायचं. एक आण्याच्या तिकिटावर नऊ पैचा छाप मारला होता. वर 'नाइन', खाली 'पाइज'. काही ठिकाणी चुकून 'नाइन-नाइन' किंवा 'पाइज-पाइज' असं झालं, त्यांना किंमत आहे. आमच्याकडे या छापाची पाच-सहा तिकिटं निघाली. मी प्रत्येक भिंगाखाली धरली. सगळी बिनचूक. सांगायला हरकत नाही, वाईट वाटलं.

आता स्थितीबद्दल. कॅटलॉगमधला आकडा हा निर्दोष तिकिटाचा, आणि तोही व्यापारी कितीला विकेल तो, तुम्हाला कितीला मिळेल तो नव्हे. अगदी सामान्य तिकिटालाही कॅटलॉगमध्ये काही एक किमान आकडा असतो, तो तिकिटाचा नसून ते शोधून, निवडून, हातात देण्याच्या कष्टाचा असतो. त्यामुळे दोन हजार सामान्य तिकिटांचे किमान आकडे बेरजेत मांडून 'संग्रह इतक्या लाखांचा' म्हणणं चुकीचं आहे. आमच्या एका भावाने ती बेरीज केली होती. ती वही सरांनी पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

आणि आमच्या गठ्ठ्यांची स्थिती बरी नव्हती. ट्रंक आज माळ्यावर असली तरी १९६१ मध्ये ती खाली होती. १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरलं, आणि मामी सांगते की ट्रंक उचलेपर्यंत तळाचे दोन थर भिजले होते. आज त्या पाकिटांवर खालच्या बाजूने एक तपकिरी रेघ सरळ गेलेली आहे, प्रत्येकावर त्याच उंचीवर. काही पाकिटं एकमेकांना कायमची चिकटली आहेत. वरचे थर वाचले, पण पुण्याच्या पावसाळ्यांनी तिकिटांच्या दात्यांवर गंजासारखे ठिपके आणलेच. आपल्या हवेत गोंद टिकत नाही, कागद पिवळा पडतो. म्हणूनच जुनं भारतीय तिकीट कोरं, स्वच्छ, मूळ गोंदासह मिळणं अवघड असतं. छापलेली लाखो असतील, तशी उरलेली फार थोडी. वय पाहून काही कळत नाही. किती उरली आणि कोणत्या रूपात उरली, एवढंच पाहायचं.

सरांनी गठ्ठे स्वतः सोडले. तिकिटांकडे ते फार पाहत नव्हते, शिक्के वाचत होते. एका पाकिटावर थांबले. मुंबईहून मामांच्या वडिलांना आलेलं साधं पाकीट, दीड आण्याचं सहाव्या जॉर्जचं जांभळट तिकीट, ऑगस्ट १९४७. राजाच्या डोक्यावर शिक्का पडलेला: जय हिंद. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं साडेतीन आण्यांचं, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. तोपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ देशाचं टपाल राजाच्याच तिकिटांवर चाललं होतं, आणि पोस्ट त्यांवर जय हिंदचा शिक्का मारत होतं. मागे पुण्याला पोचल्याचा शिक्काही होता, तारीख स्पष्ट. सर म्हणाले, "तिकीट डब्यातलं आहे. पाकीट माझ्याकडे असतं तर मी अल्बममध्ये लावलं असतं." हे पाकीटही दुर्मिळ नाही, असंही त्यांनी लगेच सांगितलं. असे शिक्के बऱ्याच गावांत मारले गेले, बऱ्याच लोकांनी जपले. पण हे तिकीट भिजवून सुटं केलं असतं तर अर्धा शिक्का, अर्धी तारीख आणि सगळा पत्ता गेला असता, आणि उरलं असतं दहा रुपयांचं जांभळट जॉर्ज.

मला हे पाकीट फार आवडलं. पत्रात काय आहे तेही वाचलं. कुणाच्या तरी नोकरीचं आणि धान्याच्या रेशनचं आहे. स्वातंत्र्याबद्दल एक ओळही नाही.

खरा प्रश्न निघाला तो भलत्याच गठ्ठ्यात, ज्याच्याकडे मी नव्याचा म्हणून पाहणारही नव्हते. १९७१ ची पाकिटं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं होतं, ते ३१ मार्च १९७३ पर्यंत. कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' असं नाशिकला छापून ती पुरवली. ती आजही कवडीमोल आहेत, इतकी छापली. पण सगळीकडे पुरवठा वेळेवर पोचला नाही, तेव्हा ठिकठिकाणी आपापल्या पातळीवर रबरी शिक्के मारून काम भागवलं गेलं. या स्थानिक छापांत काही खरोखर कमी मिळणारे आहेत. रबरी शिक्का बनवणं कुणालाही शक्य, म्हणून इथे बनावटही तितकीच.

आमच्या एका पाकिटावरच्या तिकिटाला असा जांभळ्या शाईचा शिक्का आहे, किंचित तिरका. सरांनी भिंग लावून पाहिलं ते शिक्का आणि पोस्टाचा छाप एकमेकांवर कसे पडलेत ते. पोस्टाची काळी शाई जांभळ्या शिक्क्याच्या वर आहे, म्हणजे आधी जांभळा शिक्का आणि मग टपालाचा, क्रम बरोबर. पाकीट खऱ्या पत्त्यावर खरोखर गेलेलं, तारीख त्या काळातली, आणि मामांनी ते विकायला म्हणून कधी ठेवलेलं नाही. हे सगळं आमच्या बाजूने. तरीही सर "अस्सल आहे" असं म्हणाले नाहीत. "मी म्हणून उपयोग नाही. याच्या जोडीची नमुना पाकिटं ज्यांच्याकडे आहेत त्यांना दाखवा, आणि लेखी प्रमाणपत्र घ्या."

सध्या ते पाकीट स्कॅन करून, दोन्ही बाजूंनी, भिंगातल्या फोटोंसह तज्ज्ञांच्या मतासाठी पाठवलं आहे. मूळ पाकीट प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाउचमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसकट, मामीच्या कपाटात आहे. वीस हजारवाल्याला मामीने नाही म्हणून सांगितलं. भिजलेल्या थरातली सुटी झालेली तिकिटं शाळेत जाणाऱ्या नातवंडांना वाटली, त्यात बोधिसत्त्वही गेले, दोन्ही हातांचे. बाकी गठ्ठे मी वर्षांप्रमाणे लावते आहे. आता १९५२ सालापर्यंत आले आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात संतकवींची सहा तिकिटं निघाली होती, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर, आणि मामांनी त्यातली पाच वेगवेगळ्या पाकिटांवर राखली आहेत. गालिब अजून सापडलेला नाही.